डावा दिवा, उजवा दिवा

माळशेजचा बोगदा मागे टाकून गाडी कल्याणच्या अंगाला उतरायला लागली आणि तिसऱ्या की चौथ्या वळणावर समोरचा रस्ता एकदम नाहीसा झाला. जुलै महिना, रात्रीचा दीड वाजून गेलेला. मागे दीड हजार जुड्या मेथी-कोथिंबीर, वर ताडपत्री, ताडपत्रीवर पाऊस. धुकं इतकं की वायपर चालू असूनही काच पुसल्यासारखी वाटत नव्हती. त्यात दिवे गेले. डॅशबोर्ड उजळलेला, वायपर चालू, म्हणजे बॅटरी गेली नव्हती. फक्त पुढे काळोख.

पहिला हात आपसूक अपरच्या, म्हणजे लांबच्या उजेडाच्या, दांडीवर गेला. अपर लागला. पण धुक्यात अपर लावला की काय होतं, हे ज्यांनी पावसाळ्यात घाट उतरलाय त्यांना सांगायला नको. धुक्याचे थेंब उजेड आपल्याच डोळ्यांवर परत फेकतात. समोर रस्त्याऐवजी पांढरी भिंत उभी राहिली. माळशेजमध्ये पावसाळ्यात दरडीखाली थांबायचं नाही हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं, आणि वळणावर बिनदिव्याची गाडी उभी करणं तर त्याहून वाईट. मी चारही इंडिकेटर लावले, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि कडेच्या पांढऱ्या पट्ट्याकडे बघत पहिल्या गियरमध्ये गाडी सरकवत राहिलो. मधेच क्षणभर अपर, पुन्हा बंद. असं दोन-अडीचशे मीटर गेलो असेन.

मागून एक टेम्पो आला. मी हात बाहेर काढून थांबवला. त्या ड्रायव्हरनं काही विचारलंच नाही. शेजारी येऊन काच खाली केली आणि म्हणाला, "माझ्या लाल दिव्यावर नजर ठेवा, मी हळू घेतो." टोकावड्यापर्यंत तो माणूस माझ्यासाठी वीसच्या वेगानं उतरला. त्याचा माल सुकणारा नव्हता असं थोडंच आहे. त्याचं नाव विचारायचं राहिलं, ते अजून मनात आहे.

टोकावड्याला एका बंद दुकानापुढे गाडी लावली. अपर लावून खाली उतरलो तर शटरवर दोन उजेड पडलेले. डिपर, म्हणजे जवळचा खाली पडणारा उजेड, केला की दोन्ही गायब. म्हणजे दोन्ही बल्बमधली डिपरची तार गेलेली. दोन बल्ब एकाच मिनिटाला जातात का? तिथं उभं असतानाच मला आबांचं बोलणं आठवलं.

आमची वस्ती ओतूरपासून थोडी आत, ओढ्याच्या वरच्या अंगाला आहे. वस्तीवरून निघालेली वाट ओढ्याला वळसा घालून पलीकडून परत फिरते. त्यामुळे ओट्यावर बसलेल्या माणसाला निघालेली गाडी पाचेक मिनिटांनी समोरून दिसते. मी रात्रीचा माल घेऊन निघालो की आबा ती गाडी वळणाआड जाईपर्यंत ओट्यावर बसून असतात. आठ-दहा दिवसांपूर्वी ते म्हणाले होते, "अरे, लांबून एकच दिवा दिसतो तुझा." मी म्हणालो, झाडाआड गेला असेल. विषय तिथंच संपला. आबा बरोबर होते. डावा दिवा त्याच सुमारास गेला होता. राहिलेल्या उजव्यावर मी चार खेपा केल्या आणि पाचव्या खेपेला घाटात तोही गेला.

ही गोष्ट मला फार लागली. स्टिअरिंगवर बसलेल्याला एक दिवा गेलेला पटकन कळत नाही, कारण रस्ता दिसत असतो. कळतं ते समोरून येणाऱ्याला, आणि त्यालाही चुकीचंच कळतं. एका दिव्याची पिकअप अंधारात मोटारसायकलीसारखी दिसते. समोरचा त्या हिशेबानं जागा सोडतो. माझा तर डावा गेलेला, म्हणजे कडेनं चालणाऱ्या माणसाला, सायकलवाल्याला, बैलगाडीला माझी ती बाजूच दिसत नव्हती. ऊसतोडीच्या दिवसांत बिनदिव्याच्या ट्रॉलीवर आपण सगळेच चिडतो. मी तरी त्या चार खेपांना वेगळं काय करत होतो?

उजाडेपर्यंत थांबलो आणि सातनंतर कल्याणच्या बाजारात पोहोचलो. पालेभाजीचा बाजार पहाटेचा. सातला आलेल्या मेथीला भाव कसला? गाडीभाडं निघालं एवढंच.

घरी आलो ते दोन नवे बल्ब घेऊनच. आमच्या पिकअपला एच-4 बल्ब लागतो. एकाच काचेत दोन तारा असतात, अपरची 60 वॅटची आणि डिपरची 55 वॅटची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते. ती खालच्या अंगाचा उजेड अडवते, म्हणून डिपरचा प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत न जाता रस्त्यावर पडतो. ही वाटी मी इतकी वर्षं कधी नीट पाहिलीच नव्हती. बल्ब बदलायचा म्हणजे जुना उपटायचा, नवा खोचायचा, मोकळं व्हायचं.

या वेळी सावकाश करायचं ठरवलं. चावी काढली, बॅटरीची वजा तार सोडवली. बॉनेट उघडून दिव्याच्या मागे हात घातला. आधी तीन पिनांचा कपलर, म्हणजे बल्बला तारा जोडणारा प्लग. तो सरळ मागे ओढायचा, तार धरून नाही. मग रबरी टोपी, तिच्या कानाला धरून सोलून काढायची. आत तारेची क्लिप. ती दाबून बाजूला केली की बल्ब मोकळा. उजवीकडचा कपलर सहज निघाला. डावीकडचा निघेना. हलवून हलवून काढला तर एका पिनेपाशी प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलेलं आणि नाकाला जळकट वास.

जुने बल्ब कागदात गुंडाळून ठेवले. का ठेवले ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं, पण पुढं तेच कामाला आले. नवे बसवताना पुतण्या म्हणाला, "काका, काचेला हात लावू नका, आम्हाला आयटीआयमध्ये सांगितलंय." आबांच्या जुन्या धोतराचा धुतलेला तुकडा घेतला आणि त्यात धरूनच बल्ब बसवले. एच-4 च्या पत्र्याच्या चकतीला तीन कान असतात आणि ते एकाच पद्धतीनं खाचेत बसतात. बल्ब नीट बसला की तो हलत नाही. हलला तर फिरवून पुन्हा बघायचं. क्लिप जबरदस्तीनं लावली तर बल्ब तिरका बसतो आणि उजेड झाडांच्या शेंड्यावर जातो.

दिवे लावले. दोन्ही लागले. मला हायसं वाटलं, पण पुतण्या समोर उभा होता. तो म्हणाला, "डावा पिवळा दिसतोय." आणि खरंच, उजवा पांढरा लख्ख, डावा जुन्या कंदिलासारखा. दोन्ही बल्ब एकाच दुकानातले, एकाच पेटीतले. आम्ही दोघांनी बल्बांची अदलाबदल केली. पिवळेपणा डावीकडेच राहिला. म्हणजे दोष बल्बचा नव्हता, डाव्या बाजूच्या वायरिंगचा होता. कुठल्याही गाडीवर ही अदलाबदल आधी करून बघावी असं मी आता सगळ्यांना सांगतो. फुकट होते आणि निम्मा तर्क तिथंच सुटतो.

फ्यूज पाहिले, शाबूत होते. पुतण्याकडं मीटर होता. त्यानं डावीकडचा कपलर काढून त्याच्या पिनांवर मापलं तर 12.4 व्होल्ट. बॅटरीवर 12.5. "करंट तर येतोय पूर्ण," तो म्हणाला. इथं आम्ही दोघंही अडकलो. 12.4 येतंय तर दिवा पिवळा का?

दुसऱ्या दिवशी आळेफाट्याला गेलो. तिथं गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे एक चाचा आहेत, माझ्या वडिलांच्या वयाचे. आमच्या भागातल्या निम्म्या पिकअपांची वायरिंग त्यांच्या हाताखालून गेलेली. मी सगळं सांगितलं, घाट, पिवळा दिवा, 12.4. त्यांनी गाडीकडं न बघता पहिला प्रश्न विचारला, "जुने बल्ब फेकले का ठेवलेत?"

मी कागद उलगडला. चाचांनी डावा बल्ब उन्हाकडं धरला आणि मला जवळ बोलावलं. काचेवर एका जागी करड्या रंगाचा डाग होता. आणि त्या डागावर काच किंचित फुगलेली, भाकरीला बारीक फोड यावा तशी. डागाचा आकार बघून मी ओळखलं. अंगठा. जानेवारीत नारायणगावच्या बाजारातून येताना हा बल्ब मीच रस्त्याच्या कडेला बदलला होता, टायर बदलल्यानंतरच्या त्याच काळ्या हातांनी. रात्रीची वेळ, बाजूला ऊस, आणि आमच्या जुन्नर तालुक्यात उसाच्या कडेला रात्री उभं राहायचं तर बिबट्याच्या भीतीनं कोण हात पुसत बसतो? तेव्हा लागलेला तो अंगठा सहा महिने काचेवर भाजत राहिला होता.

मग उजवा बल्ब घेतला. काच स्वच्छ, डाग नाही, काळेपणा नाही. नुसती डिपरची तार मधून तुटलेली, आणि तुटलेल्या टोकाला वितळून झालेला बारीक मणी. चाचांनी दोन्ही बल्ब बॉनेटवर शेजारी ठेवले आणि म्हणाले, "हा हातानं मेला. हा करंटनं मेला."

काचेचं कारण मी नंतर नीट समजून घेतलं. हॅलोजन बल्बची काच साधी नसते, क्वार्ट्झची असते, कारण आतली टंगस्टनची तार अडीच हजार अंशांच्याही वर तापते आणि काच तिच्या अगदी जवळ असते. तारेवरून टंगस्टनचे कण उडत असतात. आत भरलेला आयोडीन किंवा ब्रोमीनचा अंश त्या कणांना धरून पुन्हा तारेकडे पोहोचवतो, म्हणून एवढीशी काचसुद्धा लवकर काळी पडत नाही. हे सगळं चालायला काच चांगली गरम राहावी लागते. अशा काचेवर बोटाचं तेल किंवा घामातलं मीठ राहिलं की ती जागा इतर काचेपेक्षा जास्त तापते, क्वार्ट्झ तिथं दुधाळ होतं, कमजोर होतं, फुगतं. चुकून बोट लागलंच तर लावण्याआधी स्पिरिटनं पुसून घ्यायचं, एवढाच उपाय. आणि बल्ब पूर्ण गार झाल्याशिवाय हात घालायचाच नाही.

"हातानं" म्हणजे काय ते कळलं. "करंटनं" म्हणजे काय, ते विचारलं. चाचांनी पुन्हा प्रश्नच केला, "बॅटरीत पाणी किती दिवसांनी टाकता?"

मी म्हणालो, आठ दिवसांनी टाकावं लागतं, बॅटरी जुनी झालीय. ते म्हणाले, "जुनी नाही झाली. उकळतेय."

त्यांनी मीटर बॅटरीवर लावला आणि मला गाडी चालू करायला सांगितली. सावकाश चालू असताना 14.3. एवढं ठीक असतं, इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 दिसायला हवं. मग म्हणाले, रेस द्या. मी ॲक्सिलरेटर दाबला आणि आकडा चढत गेला. 14.6, 14.9, 15.2, 15.4. तिथं थांबला. अल्टरनेटरमधला रेग्युलेटर, ज्याला आमच्याकडचे जुने लोक अजून कटआऊटच म्हणतात, तो व्होल्टेज आवरत नव्हता. गाडी जितकी पळेल तितकं बल्बला जास्त व्होल्टेज मिळत होतं. हॅलोजन बल्बचं गणित असं की व्होल्टेज पाच टक्क्यांनी वाढलं तरी आयुष्य साधारण निम्म्यावर येतं. माझं तर आठ टक्क्यांनी वाढलेलं. वर्षभरात उजवीकडचे तीन बल्ब मी बदलले होते आणि तिन्ही वेळा मनात म्हणालो होतो, हल्लीचे बल्ब टिकतच नाहीत. दुकानदाराला बोललोही होतो तसं. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

आता डावीकडचं कोडं राहिलं. तिथं तर दिवा पिवळा, म्हणजे व्होल्टेज कमी. एकाच गाडीत एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी कसं? चाचांनी कपलर बल्बला जोडून ठेवला, दिवा चालू ठेवला आणि टाचणीसारखी सुई कपलरच्या मागच्या बाजूनं आत सरकवून मापलं. बल्बला मिळत होते 10.6 व्होल्ट. तोच कपलर काढून मोकळा मापला की पुन्हा 12.4.

मला हे समजायला वेळ लागला, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. गंजलेल्या सांध्यातूनही मीटरपुरता करंट सहज येतो, म्हणून आकडा पूर्ण दिसतो. बल्ब मात्र साडेचार-पाच अँपिअर मागतो. एवढा करंट त्याच गंजलेल्या सांध्यातून जायला लागला की व्होल्ट वाटेतच खर्च होतात. शेतातल्या पाइपलाइनसारखं आहे हे. कुठं तरी कचरा अडकलेला असला तरी शेवटचा व्हॉल्व्ह बंद असताना दाबाचा काटा पूर्ण दिसतो, आणि व्हॉल्व्ह उघडला की धार बारीक. दिवा लावून, बल्ब जोडून मापल्याशिवाय त्या आकड्याला काही अर्थ नाही. आम्ही आदल्या दिवशी मोकळ्या कपलरवर मापून फसलो होतो.

मग कचरा कुठं अडकलाय ते शोधणं. चाचांनी मीटरची एक सुई बॅटरीच्या वजा टोकाला आणि दुसरी डाव्या कपलरच्या अर्थच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेच्या, पिनेला लावली. दिवा चालू. तिथं शून्याच्या जवळपास काही तरी दिसायला हवं. दिसले 1.6. हरवलेल्या 1.9 व्होल्टपैकी 1.6 एकट्या अर्थिंगमध्ये जात होते, उरलेले कपलरमध्ये आणि वायरीत.

डाव्या दिव्याची अर्थची तार बॅटरीच्या ट्रेखाली एका बोल्टला आवळलेली होती. बॅटरी उचलली आणि बोल्ट बघितला तर त्यावर पांढरट-हिरवी भुकटी, खडूसारखी सुटणारी. तारेचा लग, म्हणजे टोकाची कडी, बोट लावताच तुटून हातात आला. जास्त व्होल्टेजनं बॅटरी उकळत होती, तिची ॲसिडची वाफ वर्षभर त्या बोल्टवर बसत होती. म्हणजे उजवा बल्ब ज्यानं मारला त्याच रेग्युलेटरनं डावा दिवा पिवळा केला होता. मी नुसता उभा राहून बघत होतो. एक बिघाड, आणि त्याची दोन तोंडं इतकी वेगळी की दोन्ही मी वेगवेगळी समजून वर्षभर पैसे घालत राहिलो.

वितळलेला कपलर मात्र माझीच करणी. दोन वर्षांपूर्वी घाटात उजेड कमी पडतो म्हणून मी 100/90 वॅटचे बल्ब बसवले होते. चार महिन्यांनी काढलेही, कारण समोरचे लोक शिव्या घालत होते आणि ते चूक नव्हते. पण तेवढ्यात कपलर भाजून गेला. 60 वॅटची तार 12 व्होल्टला 5 अँपिअर घेते, 100 वॅटची 8 अँपिअरच्या वर. वायर आणि पिन त्याच. उष्णता करंटच्या वर्गानं वाढते, म्हणजे त्याच पिनेवर जवळजवळ पावणेतीन पट उष्णता. आणि मजा नाही, हळहळ वाटते ती ही की मला तेव्हा जो उजेड कमी वाटत होता तो बहुधा वॅटमुळे नव्हताच. बल्बला मिळणारं व्होल्टेज थोडं उतरलं तरी उजेड फार उतरतो. 12.5 च्या जागी 10.6 मिळाले तर उजेड साठ टक्क्यांच्याही आत येतो. वॅट वाढवण्याआधी कुणी सांध्यांकडं बघा असं सांगितलं असतं, तर.

काम दुपारभर चाललं. अल्टरनेटर उतरवून रेग्युलेटर बदलला, ब्रशही झिजले होते ते घातले. बोल्टची जागा पॉलिश पेपरनं लखलखीत केली, नवा लग दाबून बसवला, वरून पेट्रोलियम जेली चोपडली. ॲसिडचा भाग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुतला. डावीकडं प्लॅस्टिकच्या कपलरऐवजी सिरॅमिकचा होल्डर आला. मी रिले किट टाकायचं का विचारलं. त्यात करंट स्विचमधून न फिरवता रिलेमार्फत थेट बॅटरीवरून बल्बला देतात. चाचा म्हणाले, "आधी मापू. गरज नसताना विकणार नाही." पुन्हा मापलं. अर्थिंगवर 0.1 व्होल्ट. बॅटरीवरच्या आणि बल्बवरच्या व्होल्टेजात फरक अर्ध्या व्होल्टच्या आत. रेस देऊन बॅटरीवर 14.2, कितीही दाबा, 14.2. रिले किट घेतलं नाही.

कुणी तरी तिथंच एलईडी टाक म्हणून सुचवलं, शुभ्र उजेड पडतो, बल्ब जायची कटकट नाही. मी नको म्हणालो आणि अजूनही नकोच म्हणतो. दिव्याचा रिफ्लेक्टर तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. तिथं वेगळ्या आकाराचा, वेगळ्या ठिकाणाहून उजेड देणारा एलईडी खोचला की उजेड पडतो भरपूर, पण कुठंही पडतो. समोरून येणाऱ्या माणसाचे डोळे दिपले तर तो दरीत जाईल की माझ्या अंगावर येईल? कारखान्यातूनच एलईडीसाठी बनलेल्या दिव्यांची गोष्ट वेगळी.

एक काम उरलं होतं, दिव्यांची पातळी. ते आम्ही घरीच केलं. संध्याकाळी सपाट जागा बघून आमच्या कांद्याच्या चाळीशेजारच्या भिंतीसमोर गाडी बरोबर साडेसात मीटरवर, म्हणजे साधारण पंचवीस फुटांवर लावली. टायरमध्ये हवा बरोबर आहे ना ते बघितलं. दिव्याच्या मध्यापासून जमिनीपर्यंतची उंची टेपनं मोजून भिंतीवर खडूची रेघ ओढली आणि तिच्या साडेसात सेंटिमीटर खाली दुसरी. डिपरच्या उजेडाची वरची कड या खालच्या रेघेवर यायला हवी, दर दहा मीटरला दहा सेंटिमीटर उतार या हिशेबानं. आपण डावीकडून गाडी चालवतो, त्यामुळे आपल्याकडच्या डिपरची कड उजव्या अर्ध्यात सपाट असते आणि डावीकडं वर चढत जाते. उजवीकडच्या समोरच्या वाहनाला त्रास नको आणि डाव्या कडेचा माणूस लांबून दिसावा म्हणून. भिंतीवर हे इतकं स्पष्ट दिसतं की मी पुतण्याला आणि शेजारच्या दोघांना बोलावून दाखवलं. आमचा डावा दिवा रेघेच्या वर वीतभर होता. मागच्या स्क्रूनं उतरवला.

मग मागे कांद्याच्या वीस गोणी टाकून पुन्हा बघितलं. मागचा भार वाढला की गाडीचं नाक वर येतं, आणि उजेडाची कड सरळ वर चढली, समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या उंचीकडं. डॅशबोर्डवर 0 ते 3 आकड्यांचं एक छोटं चाक आहे. ते कशासाठी आहे हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं, मी ते कधी फिरवलंच नव्हतं. 3 वर नेलं तसा उजेड भिंतीवरून खाली सरकत रेघेपाशी आला. भरलेल्या गाडीनं मी आजवर किती लोकांच्या डोळ्यांत दिवे मारले असतील, हे त्या भिंतीपुढं उभा राहून मनात आलं आणि बराच वेळ गेलं नाही.

सगळा खर्च, नवे बल्ब धरून, दोन हजारांच्या आत. एका रात्रीच्या मेथीचा तोटा त्याहून मोठा होता. आता डॅशबोर्डच्या कप्प्यात एक जादा बल्ब असतो, मूळ खोक्यातच, आणि धोतराचा तो तुकडा प्लॅस्टिकच्या पिशवीत. मीटरही घेतला. महिन्यातून एकदा रेस देऊन बॅटरीवर बघतो. निघण्याआधी पुतण्या गाडीपुढं उभा राहतो, मी आतून अपर, डिपर, इंडिकेटर, मग तो मागे जाऊन ब्रेक लाईट. कोणी नसलं तर चाळीच्या भिंतीवर बघून घेतो. बॅटरीला त्यानंतर दीड महिन्यात पाणी लागलेलं नाही.

पहिली खेप लगेच दोन दिवसांनी होती. पाऊस तसाच, माल तसाच. साडेदहाला वस्तीवरून निघालो. ओढ्याचा वळसा घेऊन पलीकडच्या अंगाला आलो आणि फोन वाजला. आबा रात्री कधी फोन करत नाहीत.

"दोन्ही दिसतायत," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.